बीमवर थबकलेली मुलगी

या महिन्याच्या टपालात खेळणाऱ्या मुलांच्या घरांतून बरीच पत्रं आली, आणि त्यातली बहुतेक जिम्नॅस्टिक्सची. मी या खेळात आधी खेळाडू म्हणून आणि मग प्रशिक्षक म्हणून वाढले. माझी लेकही बीमवर, म्हणजे या खेळातल्या त्या उंच, अरुंद आडव्या पट्टीवर, चढली. त्यामुळे ही पत्रं बाजूला ठेवणं मला शक्यच नव्हतं. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न आणखी कितीतरी आयांनी आपापल्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करते. आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास सराव असतो. जमिनीवर तिचं फ्लिक (मागे झेप घेऊन हातांवरून पलटी) छान आहे, बीमवरही करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अचानक बंद झालं. बीमवर उभी राहते, हात वर करते, गुडघे वाकवते आणि थांबते. कधीकधी दहा मिनिटं तशीच. सर म्हणतात, ‘नखरे आहेत, तुम्ही घरी लाडावून ठेवलंय.’ शालेय जिल्हा स्पर्धा तोंडावर आली आहे. मी समजावून पाहिलं, नवी सायकल घेऊन देईन म्हटलं, एकदा ‘फीचे पैसे झाडाला लागतात का’ असंही बोलून गेले. आता ती माझ्याशी क्लासचं काहीच बोलत नाही. हे म्हणतात, सोडून दे तो क्लास. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी सरांच्या म्हणण्याबद्दल बोलू, कारण ते आता तुमच्या घरातही शिरलंय. हे नखरे नाहीत. नखरे करणारं मूल बीमवर चढतच नाही. ते पाणी प्यायला जातं, पोटात दुखतंय म्हणतं, मैत्रिणीशी गप्पा मारत बसतं. तुमची लेक चढते, हात वर करते, गुडघे वाकवते. म्हणजे तिला फ्लिक करायचंय. शरीर नकार देतंय आणि का देतंय, हे तिचं तिलाही सांगता येत नाहीये. त्या दहा मिनिटांत तिच्यावर काय गुदरत असेल, ते जरा मनात आणा. खाली रांगेत थांबलेल्या मुली बघतायत, सर घड्याळ बघतायत, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई बसली आहे.

बीम ५ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. स्पर्धेत तो जमिनीपासून १.२५ मीटर उंच असतो. फ्लिक करताना त्यावरून पाठीमागे झेप घ्यायची असते, आणि हात कुठे टेकणार हे डोळ्यांना दिसायच्या आत पाय सुटलेले असतात. तुमच्या मुलीचे दोन्ही तळहात शेजारीशेजारी ठेवून पट्टीने मोजा, १० सेंटिमीटरमध्ये मावणार नाहीत. म्हणून अंगठे जवळ आणायचे आणि बोटं दोन्ही कडांवरून खाली घ्यायची. हे सगळं शरीर सवयीने करतं, विचार करून नाही. त्या सवयीवरचा भरवसा एकदा डळमळला की मूल थबकतं. आणि त्या घडीला थबकणंच बरं असतं, कारण अर्ध्या मनाने मारलेलं फ्लिक सगळ्यांत घातक.

भरवसा का डळमळला, ते शोधायला हवं. माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी बघायची गोष्ट म्हणजे उंची. जूनमध्ये युनिफॉर्मचा स्कर्ट नवा घ्यावा लागला का? चपलेचा नंबर वाढला का? ११-१२ च्या आसपास मुली भराभर उंच होतात. हातपाय लांबतात, शरीराचा तोल सरकतो, आणि मार्चपर्यंत अचूक बसणारी उडी जूनमध्ये दोन बोटं चुकायला लागते. मुलीला हे कळत नाही. तिला एवढंच जाणवतं की काहीतरी बिनसलंय. दुसरं, कुणी पडलं का? ती स्वतःच असं नाही, एखाद्या मैत्रिणीला पडताना पाहिलं तरी ते पुरतं. आणि तिसरं, थकवा. सहा दिवस रोज तीन तास म्हणजे आठवड्याला १८ तास. क्रीडावैद्यकातले डॉक्टर एक साधा अंदाज सांगतात : मुलाचं वय जितकं असेल, त्याहून जास्त तास आठवड्याला सराव नको. शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. ११ आणि १८ मध्ये अंतर मोठं आहे. सगळ्या क्लासांत असंच चालतं म्हणून ते अंतर काही कमी होत नाही.

सिमोन बाइल्सचं नाव तुमच्या घरात नक्की घेतलं जात असेल. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये सांघिक अंतिम फेरीच्या पहिल्याच व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीत, तिला हवेत आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, तिने दीड घेतल्या आणि कशीबशी उतरली. त्यानंतर तिने स्पर्धेतून अंग काढून घेतलं. जगात तिच्या तोडीची जिम्नॅस्ट नव्हती, आणि तरीही तिला हे झालं. पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. काही दिवसांनी ती बीमच्या अंतिम फेरीसाठी परत आली, तेव्हा तिने बीमवरून उतरतानाची गिरकी काढून टाकली होती. गिरकी नसलेली उतरण्याची पद्धत निवडली आणि कांस्यपदक मिळवलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं. जे बसत नाहीये ते काही काळ बाजूला ठेवायचं आणि बाकीचं करत राहायचं, हा मार्ग तिच्यासाठी खुला होता. तुमच्या मुलीसाठीही आहे.

सरावात हे कसं परत आणतात, तेही सांगते, म्हणजे हॉलमध्ये काय चाललंय ते तुम्हाला ओळखता येईल. जाणते प्रशिक्षक उंच बीमला काही दिवस हातच लावत नाहीत. जमिनीवर खडूने रेघ मारतात, तिच्यावर फ्लिक. मग वीतभर उंचीचा बीम. मग उंच बीम, पण दोन्ही बाजूंना मॅट रचून बीमच्या पातळीपर्यंत आणलेल्या, म्हणजे हात चुकला तरी मॅटवरच पडेल. सुरुवातीला सर कमरेशी हात ठेवून उभे. मग हात नुसता जवळ. मग सर बाजूला. त्यानंतर एकेक मॅट काढायची. एखादी मॅट काढल्यावर मूल पुन्हा थबकतं, तेव्हा ती निमूट परत ठेवायची. मी एका मुलीची शेवटची पातळ मॅट कितीतरी दिवस काढली नव्हती. ती मॅट पडण्यापासून वाचवण्याइतकी जाड नव्हतीच, पण वर चढताना मुलगी एकदा तिच्याकडे बघायची आणि मग खांदे सैल सोडायची. एके दिवशी तिनेच पायाने ती बाजूला सरकवली. याला आठवडे लागतात, काहींना महिने.

तुमच्या सरांकडे हे होतंय का? नसेल, तर भेट मागा. सरावाच्या वेळात नको, मुलीसमोर तर नकोच. भांडायलाही जाऊ नका. एवढंच विचारा : ‘सर, ती खालच्या बीमवर करते का? मॅट लावून करते का? जिल्ह्याला फ्लिकच्या जागी दुसरं काही घेता येईल का?’ तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. बीमवरून पडलं की पूर्ण १ गुण जातो. फ्लिक काढून वॉकओव्हर, म्हणजे झेप न घेता हातांवरून सावकाश पलटणं, घेतलं, तर तिच्या वयोगटात नेमकं किती नुकसान होतं ते सरांना चटकन सांगता येईल. बऱ्याचदा हिशोब असा निघतो की सोपं पण नीट केलेलं परवडतं.

आता घरचं. सायकलीचं आमिष मागे घ्या, पण सायकल मागे घेऊ नका. म्हणजे तिला सांगा, ‘सायकल तुझी, तिचा आणि फ्लिकचा काही संबंध नाही,’ आणि खरंच आणून द्या. आज ती समजते की सायकल गेली ती तिच्या भित्रेपणामुळे. आधीच जड झालेल्या बीमवर तुम्ही आणखी एक वजन ठेवलंय, ते उतरवा. फीच्या वाक्याबद्दल एकदा ‘मी तसं बोलायला नको होतं’ म्हणा आणि विषय संपवा, लांबण लावू नका. क्लासहून येताना स्कूटीवर ‘आज केलंस का?’ हे विचारायचं नाही. आठवडाभर अजिबात नाही. भूक लागली का विचारा, हाताला फोड आलेत का बघा. यूट्यूबवरचे ‘भीती घालवा’ छापाचे व्हिडिओ दाखवू नका. आणि काही दिवस हॉलमधल्या त्या खुर्चीवर बसू नका. सोडायला जा, आणायला जा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सोडण्यात काही गैर नाही, कुठलाही खेळ मुलीपेक्षा मोठा नाही. पण भीतीच्या दिवसांत सोडलं तर तिच्या मनात कायमचं राहील की मला जमलं नाही म्हणून सुटलं. जिल्हा स्पर्धा होऊ द्या. मग एखाद्या निवांत रविवारी, बीमचा विषयही न काढता विचारा, ‘पुढच्या वर्षी करायचंय का गं तुला?’ तेव्हा ती जे म्हणेल ते माना. दोघांनीही.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिथे मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. ‘फ्लिक केल्याशिवाय खाली उतरायचं नाही’ म्हणून तिला उभं ठेवलं जात असेल, बाकीच्या गेल्यावर एकटीला थांबवलं जात असेल, शिक्षा म्हणून दंड-बैठका दिल्या जात असतील, तर क्लास बदला. सर कितीही नावाजलेले असोत, भिंतीवर पदकं कितीही असोत. तंत्रात तुम्ही लुडबूड करू नये, हे माझं जुनं मत आहे आणि पालकांना ते नेहमी टोचतं. पण तंत्र सरांवर सोपवणं आणि मूल सरांवर सोपवणं यात फरक आहे.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, राज्य पातळीवर खेळते. क्लासमध्ये दर सोमवारी वजन करतात आणि आकडे फळ्यावर लिहितात. गेल्या दोन महिन्यांत तिचं वजन वाढलं म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून ती अर्धी भाकरी खाते, भात बंद, डबा तसाच परत. मॅडम म्हणतात, ‘१४-१५ नंतर या खेळात काही उरत नाही, हीच वेळ आहे.’ मला खेळातलं काही कळत नाही. मॅडमना विचारायचीही भीती वाटते.
— एक वडील, सांगली

उत्तर : दादा, खेळातलं कळत नसलं तरी डबा परत येतोय हे तुम्हाला दिसलं. सगळ्यांत आधी दिसायला हवं ते हेच.

फळ्यावर आकडे लिहिणं मला मुळीच मान्य नाही, आणि हे मी मवाळपणे सांगणार नाही. १३ व्या वर्षी मुलीचं वजन वाढतं ते वाढायलाच हवं म्हणून. हाडं भरतात, उंची वाढते, पाळीच्या आधी अंगावर थोडं मांस चढतं. ज्या महिन्यांत शरीराला जास्त लागतं, त्याच महिन्यांत खाणं तोडलं तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि ती काटकसर करतं हाडांवर आणि पाळीवर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. सराव जेवढा मागतो तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळत नाही, तेव्हा हे होतं. मग लहानसहान दुखणी बरी होत नाहीत, हाडांना बारीक तडे जातात, मूल चिडचिडं होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. खेळही खालावतोच, पण तो सगळ्यांत शेवटी लक्षात येतो.

काही खुणा पक्क्या लक्षात ठेवा. पाळी सुरू झालेली असेल आणि तीन महिने आली नाही, तर डॉक्टर. १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत सुरूच झाली नाही, तरी डॉक्टर. ‘जिम्नॅस्टना असंच असतं’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. मागे वाकताना कमरेत दुखत असेल, किंवा हातांवर भार देताना मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल, आणि ते दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर पट्टा बांधून सराव चालू ठेवायचा नाही. मनगटाशी हाडाच्या टोकाला वाढीचा भाग असतो, त्यावर या खेळात रोज आपटा बसतो. कमरेच्या मणक्यातला बारीक तडा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतही नाही. हाडाच्या डॉक्टरांकडे जाताना मुलगी जिम्नॅस्ट आहे आणि आठवड्याला किती तास करते, हे आवर्जून सांगा.

खाण्याचं म्हणाल तर घरातलंच पुरतं. क्लासच्या आधी तासभर पोळी-तूप-गूळ किंवा केळं. क्लासहून आल्यावर लगेच काहीतरी पोटात, दूध, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, आणि मग नेहमीचं जेवण, भातासकट. तिच्या ताटाकडे टक लावून बसू नका. सगळे एकत्र जेवा, वजनाचा विषय ताटावर काढू नका, आणि आजी-आत्यांनाही ‘बारीक झालीस गं, छान दिसतेस’ म्हणू देऊ नका. घरात वजनकाटा असेल तर माळ्यावर टाका. एवढं करूनही ती खाणं चुकवत राहिली, खाऊन बाथरूममध्ये जायला लागली, तर समुपदेशकाकडे न्यायला उशीर करू नका.

मॅडमशी बोलायची भीती वाटते, तर वाक्य मी देते. ‘मॅडम, हिचं वजन इथून पुढे क्लासमध्ये करायचं नाही, ते आम्ही डॉक्टरांकडे करू. हिची ताकद कशी आहे ते सांगा.’ कारण मॅडमना खरी गरज किलोंची नाहीच. ती बारवर किती पुलअप्स काढते, हँडस्टँड किती वेळ धरते, दोरी पायांशिवाय चढते का, हे बघावं. उंची वाढताना ताकद मागे पडते, ती भरून काढायची असते. ती अर्ध्या भाकरीवर भरून निघत नाही.

राहिलं ‘१४-१५ नंतर काही उरत नाही.’ ही समजूत जुन्या काळातून आली आहे. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले, तेव्हा ती १४ वर्षांची होती. आज त्या वयाच्या मुलीला ऑलिम्पिकमध्ये उतरताच येणार नाही. १९९७ पासून मुलींना वरिष्ठ गटात यायला किमान वय १६ आहे. म्हणजे तुमच्या मॅडम ज्या वयात खेळ संपवतायत, त्यानंतर वरिष्ठ गट सुरू होतो. ओक्साना चुसोवितिनाने २००८ ला बीजिंगमध्ये व्हॉल्टचं रौप्य मिळवलं ते ३३ व्या वर्षी. आणि आपली दीपा कर्माकर बघा. आगरताळ्याची मुलगी, तळपाय सपाट, म्हणजे उडी आणि लँडिंग दोन्हीला अडचण. बिश्वेश्वर नंदी सरांनी तिच्या पावलांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. २०१६ ला रिओत ती व्हॉल्टमध्ये चौथी आली, कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं. त्यानंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया, दुखापती, आणि २०२४ ला ताश्कंदमध्ये आशियाई सुवर्ण, वयाच्या ३० व्या वर्षी. १३ वर्षांच्या मुलीपाशी भरपूर वेळ आहे.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. क्लासमध्ये स्प्लिट करताना सर खांदे धरून खाली दाबतात, मुलं रडतात. विचारलं तर म्हणाले, रडल्याशिवाय लवचिकता येत नाही. शिवाय पालकांना आत बसू देत नाहीत, खिडक्यांना पडदे आहेत. मुलगा जायला कुरकुर करतो, पण शिस्त लागेल म्हणून पाठवतो. बरोबर आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही. ताणताना मांडीच्या मध्यावर ओढ बसते, ती चालते. मूल त्या ओढीत श्वास घेऊ शकतं, बोलू शकतं. जांघेत, गुडघ्यामागे किंवा बसायच्या हाडाशी कळ आली तर थांबायचं असतं. लहान मुलाच्या अंगावर मोठ्या माणसाने वजन टाकलं, तर कुठे थांबायचं हे त्या मोठ्या माणसाला कळूच शकत नाही. मूल रडून सांगतंय तेवढंच. लवचिकता रोज थोडी थोडी येते, आणि सातव्या वर्षी तिची घाई कुणालाही नाही. या वयात मुलाने उलटं-सुलटं व्हावं, दोरीला लोंबकळावं, पडायला शिकावं, हसत घरी यावं.

पडद्यांबद्दल जास्त बोलते. पालकांनी रोज आत बसून मुलाला खुणा करू नयेत, हे मलाही पटतं. पण बघता येणं आणि बसणं वेगळं. हॉलची एक बाजू बाहेरून दिसलीच पाहिजे. या खेळात प्रशिक्षकाला हात लावावा लागतो. फ्लिकला कमरेशी, बारवर मांडीला, हँडस्टँडला पोटरीला हात देतात, तो नसेल तर मूल पडेल. म्हणूनच तो सगळ्यांच्या देखत असायला हवा. मुलाला घरी सांगून ठेवा : हात उडीसाठी असतो, उडी संपली की हात सुटतो. बंद खोलीत एकट्याला मालीश नाही, सरांच्या गाडीतून एकट्याने येणं नाही, आणि ‘हे घरी सांगू नको’ असं जो म्हणेल त्याचं घरी येऊन लगेच सांगायचं.

हे मी उगाच भिववत नाहीये. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत होता, काही वेळा तर आई-वडील त्याच खोलीत असताना. २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. मुलींनी आधी सांगितलं होतं, पण मोठ्यांनी त्यांच्यापेक्षा नावाजलेल्या माणसावर विश्वास ठेवला. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि त्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे. फक्त पालकांवर नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालतो.

तुमच्या पत्रात असं काही घडल्याचा उल्लेख नाही आणि मीही तसं सुचवत नाही. पण मूल कुरकुरतंय, दाबल्यावर रडतंय आणि पडदे लावलेत. सातव्या वर्षी एवढं पुरेसं आहे. दुसरा क्लास बघा. मुंबई-ठाण्याकडे पर्याय आहेत, आणि जिम्नॅस्टिक्सच हवं असंही नाही. शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या जुन्या व्यायामशाळांत मल्लखांबावर मुलं मजेत वाढली आहेत. शिस्त तिथेही लागते.

प्रश्न : मी दहावीत आहे. दोरीचा मल्लखांब करते, गेल्या वर्षी विभागाला खेळले. आई-बाबा म्हणतात, यंदा वर्षभर बंद. मला बंद करायचं नाही. तुम्ही त्यांना सांगाल का?
— एक मुलगी, सातारा

उत्तर : अगं, सांगते, पण तुलाही काही ऐकावं लागेल. आई-बाबांनो, वर्षभर पूर्ण बंद केल्याने अभ्यास वाढतोच असं मी पाहिलेलं नाही. रोज दोरीवर चढणारी मुलगी संध्याकाळी नुसती बसली की चिडते, जाडजूड पुस्तकापुढे पेंगते. आठवड्यातून तीन दिवस, तास-सव्वा तास, असं ठेवा. फेब्रुवारीत पूर्ण थांबा, परीक्षा संपली की परत. आणि तू, वेळ पाळ. तासाचे दोन तास होऊ देऊ नकोस, नाहीतर आई-बाबांचंच खरं ठरेल.

स्पर्धा यंदा खेळायची की नाही, हे सहामाहीचे गुण बघून तिघांनी मिळून ठरवा. परीक्षेनंतर परत सुरू करशील तेव्हा पहिल्या दिवशी जुनी अवघड आसनं नकोत. तळहातांची आणि पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी मऊ झालेली असते, ती सोलवटते. आधी पकड, चढणं, साधी आसनं, मग बाकीचं.

खेळाडू म्हणून मिळणाऱ्या वाढीव गुणांची चौकशी आत्ताच कर. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो आणि तिथून मंडळाकडे. तुझ्या विभागाच्या स्पर्धेला किती गुण बसतात आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे क्रीडाशिक्षकांकडून लिहून घे. नियम बदलत असतात, मैत्रिणीच्या ताईने सांगितलं त्यावर जाऊ नकोस. प्रमाणपत्रावर तुझं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, ते आज बघ. चूक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. मूळ प्रमाणपत्रं बाबांकडे ठेवायला दे, झेरॉक्स तुझ्याकडे. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तेव्हाही हीच कागदपत्रं लागतात.